पोचा आलेलं ताट

आमच्या घरात एक जुना फोटो आहे. १९६८ सालचा, धाकट्या आत्याच्या लग्नातला. गंगापूरहून मुद्दाम फोटोग्राफर आणला होता. पुढं खुर्च्यांवर बाप्ये बसलेत आणि मागं बाया उभ्या आहेत. बाप्यांची पोटं सदऱ्यात मावत नाहीत. बायांची मनगटं अशी, की हात वर केला तर बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरतील. आल्यागेल्या पाहुण्यांना हा फोटो दाखवला की ते हटकून म्हणतात, "तुमच्या घराण्यातल्या बाया काय काटक होत्या हो!" पूर्वी मी हसून सोडून द्यायची. आता सोडत नाही. काटक कसल्या, उपाशी होत्या त्या.

डावीकडून तिसरी, पदर दातात धरून कॅमेऱ्याकडं रोखून बघणारी, ती द्वारकाबाई. माझ्या बापाच्या थोरल्या भावाची, बद्रीनाथची बायको. आम्ही तिला मोठ्याई म्हणतो. तिच्याबद्दल लिहायला बसले आहे, म्हणजे आरती ओवाळायला बसले आहे असं समजू नका. कौतुक आहेच. पण रागही आहे, आणि तो गाळला तर निम्मीच मोठ्याई सांगितल्यासारखं होईल.

आमचं गाव गंगापूरपासून तीन कोसांवर. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पुढं ओसरी आणि आत चूल. जेवायची रीत ठरलेली होती. पहिल्यांदा आजा जेवायचा, एकटा. कडूबा त्याचं नाव. ओसरीत त्याचा पाट, त्याचं पितळी ताट. त्याचं हात धुणं झालं की दोन्ही मुलगे आणि घरातले पोरगे बसायचे. मग आजी, चतुराबाई. आणि सगळ्यांत शेवटी सुना आणि पोरी, म्हणजे मोठ्याई, माझी आई सरूबाई आणि मी. भाकरीचं टोपलं आजीच्या मांडीशी असायचं. ती देईल तेवढी भाकर आपली. मागायची पद्धत नव्हती. मागणारणीला "हावरट" म्हणायचे, आणि हा शब्द माहेरपर्यंत पोचायचा.

आज्याला काही आवडलं नाही की तो ताट भिरकवायचा. मीठ जास्त, भाकर गार, कोरड्यास, म्हणजे कालवण, पातळ, काहीही कारण चालायचं. ताट एकदा जात्यावर आदळलं तेव्हा त्याच्या काठाला अंगठा बसेल एवढा पोचा आला. पण ताट फेकण्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. भीती वाटायची ती त्यानंतरच्या दोन शब्दांची. आजा म्हणायचा, "झाका टोपलं." म्हणजे बाप्यांची पंगत झाल्यावर आज बायांचं जेवण बंद. आजी खरोखर टोपल्यावर फडकं टाकायची, वर परात पालथी घालायची आणि पहारा देत बसायची. स्वतःही जेवायची नाही, हे सांगायला पाहिजे. पण आम्हालाही जेवू द्यायची नाही.

मोठ्याईची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. सुईण तोंडावर म्हणाली होती, "बाई, तुह्याच पोटात काय नाय, तं लेकराला दूध कुठून येईल?" हे सगळ्यांनी ऐकलं. आजीनं दृष्ट काढली, एक नारळ फोडला आणि टोपलं होतं तिथंच राहिलं.

एकदा दुपारी डाळ निवडताना मोठ्याईनं आजीला सरळ विचारलं, "आत्याबाई, मामंजी असं कामून करतात?" मी जवळच खडे वेचत होते. आजी बोलू लागली तसं सगळंच बोलून गेली.

"त्यायला लई सोसावं लागलं, बाई. आपलं गाव जहागिरीचं. जहागीरदाराचा कारिंदा वसुलीला आला की तुहा सासरा त्याच्यावर छत्री धरून उभा. त्याचं जेवण होईस्तोवर हालायचं नाय. त्याच्या ताटात उरंल ते कुत्र्याला, आन् कुत्र्यानं सोडलं ते ह्यायला. एक डाव ह्ये नाय म्हणले, तं त्यानं ताट उचलून तोंडावर मारलं. कपाळाची खूण पाह्यली ना? ती त्याचीच."

कपाळावरची खूण आम्ही रोज बघत होतो. लहानपणी बैलानं मारलं असं आम्हाला सांगितलेलं होतं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, वर्षभरात जहागिऱ्याही गेल्या. गावानं गूळ वाटला. कारिंदा पुन्हा कुणाला दिसला नाही. मला मात्र आज वाटतं, त्याचं ताट गेलं नाही. ते उचलून आज्यानं आपल्या ओसरीत मांडलं. बाहेर ज्यानं मान वर केली नाही, त्याला मान ताठ ठेवायला घर तेवढं उरलं होतं. आणि आजीकडं काय होतं? तिच्या सासूनं तिला असंच शेवटी बसवलं होतं. उभ्या जन्मात तिच्या हातात आलेली एकच सत्ता म्हणजे ते टोपलं. ती ते सोडणार होती थोडीच!

कारण कळलं की माणसाचा राग निवतो म्हणतात. मोठ्याईचा निवला नाही. ती डाळीचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "म्हंजी मामंजीला तिथं उपाशी ठिवलं, म्हणून आमी हितं उपाशी ऱ्हायाचं? ह्यो कुठला न्याव?"

आजी म्हणाली, "बाई, लई बोलू नये."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घरची ज्वारी संपली, रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली हलकी ज्वारी, सुरू झाली. सरकारी रस्त्याच्या कामावर मोठ्याई आणि माझी आई खडी फोडायला जाऊ लागल्या. आजा जात नव्हता, कारण कडूबाच्या घरचा मालक खडी फोडत नसतो. त्याच्या घरच्या सुना फोडत होत्या, त्याला इलाज नव्हता. मोठ्याईला सहावा महिना होता. हे तिसरं लेकरू. दिवसभर उन्हात हातोडा मारून ती घरी यायची, भाकरी थापायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या अर्ध्या भाकरीकडं बघत बसायची. त्या वर्षी शेवटी जेवणं आणि न जेवणं यात फरक उरला नव्हता.

कामाला सुट्टी होती तो बाजाराचा दिवस. दुपारची वेळ. आज्यानं मिलोच्या भाकरीचा पहिला घास घेतला आणि ताट फेकलं. "ह्ये गुराचं खाणं. झाका टोपलं." खरं म्हणजे मिलो काही आमच्या घरात तयार होत नव्हती, पण शिक्षा आम्हालाच.

आजीनं फडक्याला हात घातला. तेवढ्यात मोठ्याई चुलीपासून उठली. अंगणात पडलेलं ताट तिनं उचललं, पदरानं पुसलं, ओसरीत आली आणि आज्याच्या पाटावर मांडी घालून बसली. आजा अजून हात धुतच होता. तिनं आजीच्या मांडीजवळचं टोपलं ओढलं, एक अख्खी भाकर ताटात घेतली आणि खायला लागली.

बद्रीनाथ दारातून धावत आला, हात उगारून.

"मारा," मोठ्याई म्हणाली, "पर आधी घास गिळू द्या."

"देवाचा निवद तरी दाखिवला का?" आजी कुजबुजली. तिला तेवढंच सुचलं.

"माह्या पोटात देव वाढू लागला, आत्याबाई. त्यालाच दाखविते." मग ती माझ्या आईकडं वळली. "सरू, ये. बस."

माझी आई बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पुढं जन्मभर तिला त्याची लाज वाटली आणि मरेपर्यंत ती ते बोलून दाखवत होती. मी बसले. नऊ वर्षांची होते, भूक लागली होती आणि मोठ्याईनं भाकरीचा तुकडा माझ्यापुढं केला होता. मला त्यात काही शौर्य वाटलं नाही, आणि खरंच नव्हतं.

नंतर बद्रीनाथनं तिला मारलं. हे लपवायचं काही कारण नाही. गाल सुजला, एक बांगडी फुटून मनगटात घुसली. आजा म्हणाला, "चूल बाटली. ह्या घरात मी अन्न शिवणार नाय." तो बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्याई सुजल्या गालानं उठली, पहिली भाकर थापली, तव्यावरून काढली आणि चुलीपाशीच बसून खाल्ली. मग बाकीच्यांच्या थापल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज उठून मारायचा बद्रीनाथलाही कंटाळा आला असावा. आजा दोन दिवस लिंबाखाली उपाशी बसला. आजी तीनदा पाया पडायला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो आपला आपण ओसरीत आला आणि नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या. फक्त त्या ताटात जेवला नाही. ते त्याला नको झालं होतं. ताट मोठ्याईनं घेतलं.

त्या हिवाळ्यात बन्सी झाला. चांगला गुटगुटीत. आणि जगला.

पुढं बद्रीनाथला शहरात एका शाळेत शिपायाची नोकरी लागली. शहराच्या कडेला, गारखेड्यात, तेव्हा मोकळी रानं होती. तिथं त्यांनी दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे. मी डी.एड. करायला त्यांच्याकडं राहिले. सकाळी मला कॉलेजला निघायचं असायचं, तर मोठ्याई पहिली भाकर मोडून अर्धी माझ्या हातात द्यायची. बद्रीनाथ अंघोळ करून वाट बघत बसलेला असायचा. "शिकणाऱ्या पोरीनं आधी खायाचं," ती म्हणायची आणि त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. आज माझी शिक्षिकेची पेन्शन आहे, माझं घर आहे, कुणापुढं हात पसरायची वेळ आली नाही. हे सगळं त्या अर्ध्या भाकरीवर उभं आहे. म्हणून तर पुढचं सांगताना मला जड जातं.

बद्रीनाथ वारला, बन्सी मोठा झाला, त्याला वाळूजला कारखान्यात नोकरी लागली. बन्सीला आईचा फार अभिमान. लहानपणापासून त्यानं ती गोष्ट ऐकलेली. येईल त्याला तो सांगायचा, "आमच्या घरात पहिली भाकर आईची. आई जेवल्याबिगर कुणी घास घेत नाय." लोक वाहवा करायचे. मीसुद्धा केली आहे. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्याही कानात शिरला नाही.

१९९७ साली बन्सीचं लग्न झालं. सून सुगंधा, वेरूळकडची. बोलायला कमी, कामाला वाघ. तीही एका कंपनीत पॅकिंगला जायची. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा एक दिवस मोठ्याईनं शेजारच्या किराणा दुकानातून मला फोन केला. "साळू, सुगंधाला दिवस गेलेत, चौथा लागला. आन् पोरगी उपासतापास करून मरायला लागली. परवा बसस्टॉपवर चक्कर येऊन पडली. रिक्षावाल्यानं घरी आणून घातली. तूच सांग तिला काय तरी. माहं ऐकत नाय."

रविवारी गेले. दारातच मोठ्याईनं मला रिक्षावाल्याची हकिगत सांगितली. ते तिला फार लागलं होतं. त्यानं सुगंधाला ओट्यावर बसवलं होतं आणि तिच्याकडं बघून म्हणाला होता, "खाली पेट है ये, अम्मा. घर में कुछ पका नै क्या?"

"माह्या घरात!" मोठ्याई म्हणाली. "दोन पोती ज्वारी हाय माह्या घरात!"

मग ती देवापुढं पोथी घेऊन बसली आणि मी आत गेले. सुगंधा गॅसवर भाकरी करत होती. ओट्यावर ताट मांडलेलं, त्यात पहिली भाकर, वर फडकं. फडक्याखालून पोचा आलेला काठ दिसत होता. मी ते ताट लगेच ओळखलं.

"तू खाल्लंस का काही?" मी विचारलं.

"आत्याबाईचं व्हायचंय."

"आणि कामावर जाते त्या दिवशी?"

"साडेपाचला बस असते. त्यायची पूजा आठला व्हती." तिनं भाकर उलटली. "डबा असतो. पर बारापोतर सुट्टी नाय व्हत."

"म्हणजे पहाटे उठून तू भाकरी करतेस आणि उपाशी निघतेस? मोठ्याईनं सांगितलं तुला, खाऊ नको म्हणून?"

"नाय. सांगितलं नाय." सुगंधानं तव्यावरची भाकर काढली. "लग्न झालं त्या महिन्यात म्या एकदा आधी खाल्लं. त्या काय बोलल्या नाय. दिवसभर जेवल्याच नाय. भिताडाकडं तोंड करून पडल्या. संध्याकाळी ह्यायनी मला त्या ताटाच्या पाया पडायला लावलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बाहेर आले आणि मोठ्याईच्या पुढ्यातली पोथी मिटली. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"मोठ्याई, उपास ती करत नाही. तू करायला लावतेस."

"म्या कवा आडवलं तिला?"

"आज्यानं तरी ओरडून सांगितलं होतं, झाका टोपलं. तू तर न बोलता झाकलंस."

तिचा चेहरा लाल झाला. "साळू, तोंड सांभाळ. ह्या जागेसाठी मार खाल्लाय म्या. तू पाह्यलंस. हाडं दुखतात अजून पावसाळ्यात. फुकट नाय मिळाली मला ही जागा."

"मार जागेसाठी खाल्ला होतास, का भाकरीसाठी?"

मग मी तिचंच बोलणं तिला ऐकवलं. "आज्याला तिथं उपाशी ठेवलं म्हणून त्यानं तुला इथं उपाशी ठेवलं. आता तुला उपाशी ठेवलं म्हणून हिनं उपाशी राहायचं? हा कुठला न्याय? आणि हिच्याही पोटात देव वाढतोय, का तो फक्त तुझ्याच पोटात वाढत होता?"

बन्सी पेपर टाकून उठला. "साळूताई, आईला बोलू नको." मी त्याला म्हटलं, तू गप बस, तू तर टोपल्यावरची परात आहेस. त्याला ते कळलं नाही, पण तो बसला.

मोठ्याईनं मिटलेली पोथी देवापुढं सरकवली. मग आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "सुगंधा, उद्यापासून पहिली भाकर तुही. म्या दिली."

मला वाटलं, संपलं. माझे तर डोळे भरून आले होते. सुगंधा बाहेर आली. हाताला पीठ, कपाळावर घाम. ती सासूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नको, आत्याबाई. तुमी दिली तं उद्या रुसल्यावर परत घेशाल. तुमी देणाऱ्या कोण? भूक माही हाय."

एवढं बोलून ती आत गेली, टोपल्यातून एक भाकर घेतली, ताटाला हात न लावता फरशीवर बसली आणि खायला लागली. बन्सी दारात जाऊन ओरडला, "सुगंधे!" ती चावता चावता म्हणाली, "आज कुणाच्याच पाया पडणार नाय. तुमाला भूक असंल तं बसा, नायतर बाजूला व्हा, उजेड आडला." आणि बन्सी खरोखर बाजूला झाला.

मोठ्याई उठली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. जेवली नाही. मी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. संध्याकाळच्या बसनं मी घरी आले. वाटेत एकदा वाटलं, माझं चुकलं. जिच्या अर्ध्या भाकरीवर मी शिकले तिला मी तोंडावर आज्याच्या पंगतीला बसवून आले होते. मग सुगंधाचं ते फरशीवर बसणं आठवलं आणि चुकलं असं वाटेना.

सुगंधाला पुढं मुलगी झाली, साडेतीन किलोची. पण ते नंतरचं. त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी किराणा दुकानातून फोन आला.

"साळू, तुहा आजा किती दिस बसला व्हता गं लिंबाखाली?"

"दोन दिवस."

"सुगंधा पहाटं खाऊन गेली. माह्यासमोर. विचारलं बी नाय. म्या सकाळपोतर तशीच पडले. मंग दहा वाजले. मंग बारा. भूक लई वाईट बघ, बाई."

"जेवलीस का मग?"

"व्हय. तिच्या टोपल्यातली गार भाकर खाल्ली. ताट बी नाय घेतलं. तिला सांगू नको बरं. म्हणंल, म्हातारी हारली."

"हरलीसच की मोठ्याई."

"व्हय, हारले," ती म्हणाली. "पर तुह्या आज्यापेक्षा एक दिस आधी हारले."